माझ्यावर प्रवचन होऊ नये म्हणून

मी, सिम्हा, कैलासवासी यहेज्केल आणि लतीफा यांची थोरली मुलगी, वय सत्तावन्न, धंदा साप्ताहिकात लोकांची टिंगल करणे, राहणार नहलाओत, जेरुसलेम, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि भरपूर रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. राग म्हणजे बुद्धिभ्रंश असा अर्थ कोणी काढू नये. वकीलबाई अदिना म्हणाल्या, "तो शब्द काढा, वाईट दिसतो." मी म्हटले, "खरा दिसतो ना?" शब्द ठेवला आहे.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. माझा भाऊ सांगत फिरतो की तिथे त्यांना दगड सापडेल. सापडल्यास तो माझ्या जंगम मालमत्तेत धरावा आणि भावास द्यावा. त्याच्या हिश्शाची सुरुवात तिथून होते.

कलम १. भाऊ कोण, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे जागोजागी तो आहे. रब्बी नहूम माझ्याहून धाकटा आणि आमच्या हलबी, म्हणजे अलेप्पोहून आलेल्या, लोकांच्या कोपऱ्यावरच्या प्रार्थनागृहाचा प्रवचनकार. पूर्वज हा त्याचा खास विषय. आमच्या लोकांची जुनी श्रद्धा आहे की अब्राहाम, इसहाक, याकोब जे जे जगले, ते पुढच्यांसाठी खुणा करत जगले. अब्राहाम दुष्काळात इजिप्तला गेला आणि परतला, म्हणून त्याच्या वंशजांना तिथे जावे लागले आणि परतता आले. ही श्रद्धा मलाही आहे. वडील जेवणाच्या पानावर हे सांगत तेव्हा अंगावर काटा येई: आपण हरवलो तरी आपल्या आधी कोणीतरी त्या वाटेने गेले आहे. नहूमने मात्र त्याचे शिंप्याचे दुकान केले. कोणी आत आला की माप घ्यायचे आणि एका पूर्वजाचा अंगरखा चढवायचा. बसला नाही तर कापायचा तो माणूस, अंगरखा नाही.

मी घटस्फोट घेऊन माहेरी आले तेव्हा मी हागार होते, अब्राहामाने घराबाहेर काढलेली दासी. मूल झाले नाही म्हणून दर नववर्षाला, अब्राहामाच्या बायकोची, साराची, म्हातारपणी कूस उघडल्याचे वाचन झाले की त्याची मान वर बायकांच्या सज्जाकडे वळे. सज्जात मी, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका एकदम आपापल्या पुस्तकात. साप्ताहिकात मी त्याच्या भाषणांवर लिहू लागले तेव्हा मी मिर्याम झाले, जिला भावाविरुद्ध बोलल्याबद्दल कोड आले. मी त्याला फोन करून विचारले, "नहूम, कोड कुठे उठलंय तेवढं सांग, मलम आणते." तो म्हणाला, "ताई, आत उठलंय." तेव्हापासून तो माझ्या आत काय काय आहे ते लोकांना सांगत असतो.

कलम २. आईच्या भट्टीतून भाकऱ्या काढायचे लांब दांड्याचे लाकडी फळे माझी भावजय झहावा हिला द्यावे. वहिनी, ते भिंतीवर टांगू नकोस. वापर.

या फळ्याची हकिकत नोंदवणे भाग आहे. आमच्या आईने जन्मभर बाजारात भट्टीपुढे उभे राहून चिंचेच्या कोळातला खिमा लावलेल्या भाकऱ्या भाजल्या. वडील धर्मग्रंथ वाचत आणि आई त्यांना खायला घाली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. ती गेली तेव्हा नहूमने तिच्या तिरडीपाशी शोकभाषण केले. "पाहुण्यांनी अब्राहामाला विचारलं, सारा कुठे आहे? तो म्हणाला, ती आहे तंबूत. माझी आई अशीच तंबूत राहिली!" माझ्या शेजारी आईच्या भट्टीशेजारच्या गाळ्यातली रोजा मासळीवाली उभी होती. ती कुजबुजायला गेली, पण तिचे कुजबुजणेही बाजारातले. "कसला गं तंबू? रोज पहाटे मला शिव्या घालत शटर उघडायची!" मागची माणसे हसली. नहूमने डोळे मिटले आणि आवाज चढवला. आईला जमिनीत ठेवले तोपर्यंत तिच्या हातांवर एकही डाग उरला नव्हता. आईबद्दलचा माझा दावा एवढाच आहे आणि तो मिटलेला नाही.

कलम ३. माझा पूर्वीचा नवरा गाब्रिएल यास मी क्षमा देते. ती त्याने हयातभर वापरावी. ती हस्तांतरणीय नाही, दुसऱ्या बायकोस लागू नाही.

कलम ४. दर शुक्रवारी दुपारी माझ्या दाराशी कोणीतरी भरल्या कोबीचे पातेले ठेवून जाते. कोण, ते मला ठाऊक नाही. ते पातेले परत करावे. पातेल्याच्या कडेला पोचा आहे आणि रब्बी नहूम त्यास ओळखतील, कारण त्यांच्याच स्वयंपाकघरातले आहे. हे लिहू का, असे मी त्या अज्ञात व्यक्तीस विचारले. ती म्हणाली, "लिही ग बाई. मी त्याला तोंडाने सांगू शकत नाही, निदान वकिलाने वाचून दाखवू दे."

कलम ५. ते पातेले माझ्यासाठी येत नाही. ते नहूमची मुलगी, माझी भाची तिर्सा हिच्यासाठी येते. ती माझ्याकडे का राहते, हे या मृत्युपत्राचे खरे कारण आहे.

तिर्सा दातांच्या कवळ्या बनवायला शिकते. तिचे लग्न रहमीमशेठच्या एलियावशी ठरले होते. रहमीमशेठ म्हणजे ज्यांच्या पैशाने प्रार्थनागृहावर नवे छप्पर चढले. गेल्या हिवाळ्यात बाजारातल्या एका कॉफीच्या दुकानात ती एलियावबरोबर बसली होती आणि वेटर म्हणून तिच्या शाळेतला मुलगा निघाला. ती त्याच्याशी हसून बोलली. एलियावने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. तिने अंगठी काढली, त्याच्या कॉफीत सोडली आणि घरी आली. गाल सुजलेला होता. बापाने पाहिले आणि विचारले, "संध्याकाळची बाजारात कशाला गेली होतीस?"

त्याच शनिवारी दीनाचा अध्याय होता. आमच्याकडे तोराचे, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाचे, वाचन वर्षभर आठवड्याआठवड्याने ठरलेले असते. त्यामुळे योगायोग होता असे म्हणता येईल. पण प्रवचन योगायोगाने होत नाही, ते तयार करावे लागते. याकोबाची मुलगी दीना त्या देशाच्या मुलींना भेटायला गेली, तिथल्या सरदाराच्या मुलाने तिला धरून नेले आणि तिची अब्रू घेतली. नहूम म्हणाला, "शास्त्र सुरुवात कुठून करतं बघा! दीना बाहेर गेली. बाहेर. गेली. बाकी सगळं मागून आलं. पूर्वजांच्या घरात घडलं ते आपल्याला खूण म्हणून घडलं!" पुढच्या बाकावर रहमीमशेठने तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली आणि शेजाऱ्याकडे सरकवली. सज्जातल्या एकूण एक बायकांनी माना वळवल्या. या खेपेला माझ्याकडे नाही.

तिर्सा उठली, जिना उतरली, पुरुषांच्या बाजूने दारापर्यंत गेली आणि तिथून सरळ माझ्या घरी. मी मागोमाग पोचले तेव्हा तिच्या हातात प्रार्थनेचे पुस्तक तसेच होते. मला म्हणाली, "आत्या, चहा दे. साखर घाल." त्यानंतर कित्येक आठवडे ती माझ्या घरातून बाहेर पडली नाही. बाहेर जाणे हा गुन्हा असल्याचे तिने शनिवारच्या कपड्यांत बसून ऐकले होते.

आता नहूमसाठी, लेखी. त्याच अध्यायात पुढे काय लिहिले आहे? मुलीचे काय झाले ते याकोबाच्या कानावर आले आणि याकोब गप्प राहिला. हे तू वाचलेस, कारण तेराव्या वर्षी मुलाने मंडळीसमोर करायच्या वाचनाआधी तुझी तयारी मी करून घेतली होती आणि तू याच ओळीवर अडखळून मला विचारले होतेस, "ताई, तो काहीच का बोलला नाही?" आणखी एक गोष्ट आपल्याच आचार्यांनी सांगितली आहे. भाऊ एसाव याची नजर पडू नये म्हणून याकोबाने दीनाला पेटीत कोंडले आणि त्याबद्दल देवाने त्याचा जाब घेतला. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या चुकांवर आपल्याच पूर्वजांनी पांघरूण घातले नाही, त्यांनी बोट ठेवले. खूण होती ती बापासाठी होती, नहूम. तू ती लेकीच्या गालावर चिकटवलीस आणि छप्पर वाचवलेस.

कलम ६. मूल नसलेल्या बाईचा वारस भाऊ, ही आमची शास्त्रोक्त वहिवाट. शास्त्राचा वारसाहक्क मुळापासून उपटू नये म्हणून कायदेशीर वारसाला थोडे तरी द्यावे, अशीही रीत आहे. मी रीत पाळते. दालनातली रजयांची लाकडी पेटी मी रब्बी नहूम यास देते. पेटी मोठी आहे. एक तरुण मुलगी अंग चोरून मावेल. त्याने ती बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवावी. कोणी विचारले तर काय सांगायचे, ते त्याला सुचेल. सुचण्यावर त्याचे पोट आहे.

कलम ७. घर. माझे नहलाओतले दोन खोल्यांचे घर, चौकातल्या अर्ध्या लिंबाच्या झाडासह (उरलेले अर्धे शेजाऱ्याचे, लिंबे मात्र सगळी तोच तोडतो, ही तक्रार मी त्याच्याच नावे सोडते), तिर्सा हिला देते. वारसा म्हणून नव्हे, भेट म्हणून. आमच्या रीतीने ही भेट माझ्या मरणाच्या एक घटका आधीपासून लागू समजावी, म्हणजे मी मरेन तेव्हा माझ्याकडे भावाने वारसा सांगावे असे काही उरलेलेच नसेल.

ही घटका इतकी महत्त्वाची का, ते नहूमच्या भेटीवरून कळेल. शस्त्रक्रियेचे कानावर जाताच तो खजूर घेऊन आला. तिर्सा कामावर गेली होती. ती नसतानाची वेळ त्याने नीट हेरली होती.

"ताई, कशी आहेस?"

"झडप गळतेय. तुमच्या जुन्या छपरासारखी."

"आता नाही गळत छप्पर."

"गळेल कसं? पोरीच्या गालावर टेकलंय ते."

त्याने चहाने बोट भाजल्यासारखे चहाकडे पाहिले. मग आवाज खाली आणला. तो आवाज खाली आणतो तेव्हा काहीतरी मागायचे असते. "ताई, माणसाने वेळेत ठरवावं. देव करो तू शंभर वर्षं जगावंस. पण हे घर... इथे अभ्यासगृह करू. मुलं येतील, शिकतील. दारावर तुझी पाटी लावू. साराचा तंबू."

"माझं नाव सिम्हा आहे."

"ते असेलच की. खाली. जरा बारीक अक्षरात."

"आणि तिर्सा कुठे राहील?"

"तिने आपल्या घरी यावं. मी दार लावलेलं नाही. रहमीमशेठशी फक्त एकदा नीट बोलायचं, झालं गेलं म्हणायचं..."

"झालं गेलं कोणी म्हणायचं? जिच्या थोबाडीत बसली तिने?"

तो उठला. दाराशी जाऊन त्याने शेवटचे बाहेर काढले. "ताई, तू कितीही चीड. शास्त्रात स्पष्ट आहे. मूल नसेल तर भावाला."

"कुठे आहे?"

"सलाफहादच्या मुलींच्या अध्यायात."

"म्हणजे जिथून तू लेकीचं नाव घेतलंस, तोच?"

त्याने डोक्यावरची टोपी नीट केली. सलाफहादला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुली, त्यांतली एक तिर्सा, आमच्या लोकांचा नेता मोशे याच्यापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचा वाटा आम्हांला द्या. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. भावाचा उल्लेख त्याच्या नंतर येतो.

"नहूम," मी म्हटले, "तू अध्याय मधूनच वाचायला लागलास. वरच्या ओळीत पाच बायका उभ्या आहेत. त्यांना ओलांडून आलास, पाय तरी पुसायचे."

खजूर मी ठेवून घेतले. चांगले होते.

कलम ८. (खोडले. खोडीवर माझी सही आहे.) या कलमात मी असे लिहिले होते की घराच्या दारावर "सलाफहादच्या मुलींचे घर" अशी दगडी पाटी लावावी, आणि माझ्या दफनाच्या दिवशी तिर्साने सगळ्या मंडळीसमोर बापापुढे उभे राहून त्या पाच मुलींची मागणी मोठ्याने म्हणावी. हे कलम मला फार आवडले होते. लिहिताना मी एकटीच हसत होते. मसुदा तिर्साला वाचायला दिला. तिने कवळी तपासावी तसा तो उजेडात धरून वाचला.

"आत्या, हे काय?"

"तुझं घर."

"घर कळलं. हे खालचं?"

"तुझ्या बापाचं तोंड बघण्यासारखं होईल."

"अब्बांनी मला दीना केलं," ती म्हणाली. "तू सलाफहादची पोरगी करतेस. दोघं बहीणभाऊ एकाच दुकानातले."

"अगं, मी तुझ्या बाजूने..."

"बाजू असेल. पण अंगरखा शिवलासच ना? आणि वर भर दफनात घालून दाखवायचा. मग मी घर घेतलं तर त्या बायांमुळे घेतलं, आणि विकलं तर त्या बायांना दगा दिला. मला साधं कामावरून यायचंय आणि दार उघडायचंय."

"मग हवंय काय तुला?"

"दोन खोल्या. किल्ली. आणि दारावर काहीही लिहिलेलं नको."

मी युक्तिवाद केला. माझे युक्तिवाद वाचायला लोक पैसे मोजतात. ती भांडी घासायला उठून गेली आणि नळ मोठा सोडला. म्हणून कलम खोडले. घर तिचे, बिनशर्त, बिनपाटीचे. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकून दुसऱ्या गावी जावे. त्या घरात कोणीही, मी धरून, काही अर्थ शोधू नये.

जाताजाता ती म्हणाली, "आणि अब्बांनाही सोड आता." ते मात्र मी ऐकले नाही. घर तिचे आहे. राग माझा आहे आणि तो मी कोणाला दिलेला नाही.

कलम ९. आईच्या भट्टीच्या कमाईतून तिच्या नावे हाताने लिहवून घेतलेली तोराची गुंडाळी, लाकडी घडणीच्या पेटीसह, माझ्या मालकीची असून आजवर नहूमच्या प्रार्थनागृहात वापरायला दिलेली आहे. ती तिथेच राहील, एका अटीवर. दरवर्षी दीनाच्या अध्यायाचे वाचन याच तोरातून व्हावे आणि त्या वाचनासाठी रब्बी नहूम यानेच पुढे येऊन तिच्याजवळ उभे राहावे. वाचणारा वाचील. "बाहेर गेली" वाचील, आणि "याकोब गप्प राहिला" हेही वाचील. नहूमने ऐकावे. त्या दिवशी त्याने प्रवचन करू नये. एकदा गप्प राहून त्याला छप्पर मिळाले. दरवर्षी एकदा फुकटात गप्प राहायला हरकत नसावी.

अट मोडल्यास सदर तोरा पलीकडच्या गल्लीतल्या कुर्दी लोकांच्या प्रार्थनागृहात हलवावी, ज्यांच्या रब्बीशी नहूम पावसाच्या पन्हळीवरून बोलत नाही. मिरवणूक त्याच्या दारावरून न्यावी. ढोल सांगावा.

कलम १०. माझे दफन जेरुसलेमच्या रीतीने त्याच दिवशी व्हावे. माझ्यावर शोकभाषण करू नये. कोणीही करू नये. नहूमने तर नाहीच.

हे मागणे तो टाळू शकत नाही आणि हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे. आमच्या धर्मशास्त्रात, मेलेल्याने "मला पुरू नका" म्हटले असेल तर ऐकत नाहीत. पण "माझ्यावर शोकभाषण करू नका" म्हटले असेल तर ऐकावेच लागते, कारण ते भाषण हा मेलेल्याचा मान आहे आणि आपला मान ज्याने त्याने सोडावा. म्हणजे शरीर तुमच्या हवाली, गोष्ट माझी. सगळे नहलाओत जमलेले असेल. सज्जातल्या बायका, रहमीमशेठ डबीसह, आणि मध्ये माझा भाऊ, घशापर्यंत भरून आलेला, तयार. हागार तयार, मिर्याम तयार, शेवटी पश्चात्ताप पावलेली सारासुद्धा तयार. आणि अदिनाबाईंच्या हातात हा कागद. त्याने तोंड उघडलेच तर कलम ९ची मिरवणूक स्मशानातून थेट निघावी.

मी कोणाचीही खूण नाही. माझ्यावरून कोणी काही शिकू नये.

कद्दिश मात्र नहूमनेच म्हणावा, कारण माझ्यामागे दुसरा पुरुष नाही. रोज म्हणावा, अकरा महिने म्हणावा, चुकवू नये. त्या प्रार्थनेत पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाची स्तुती आहे आणि मेलेल्याबद्दल एक अक्षरही नाही. एवढे त्याच्यावर सोपवायला माझी हरकत नाही.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी वकीलबाई अदिना यांस नेमले आहे. साक्षीदार दोघीही बायका आहेत, हे जाणूनबुजून. धर्मन्यायालय बाईची साक्ष मानत नाही, दिवाणी न्यायालय मानते. म्हणजे भावाला भांडायचे झाल्यास त्याने घराबाहेर पडून तिथवर जावे.

वर लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे, आणि जिथे जास्त तिखट झाले आहे तिथेही मी सांगितले तसेच आहे.

सही: सिम्हा यहेज्केल

आम्हां दोघींच्या समोर सिम्हा यहेज्केल यांनी सही केली. त्या शुद्धीत होत्या आणि कोणाच्याही सांगण्यावरून बोलत नव्हत्या.

साक्षीदार: १. अदिना, वकील.
२. रोजा, मासे विकते. (हिने स्वतःच्या हाताने जोडले: "डोकं ठिकाणावर आहे. जीभ लहानपणापासून नाही. शस्त्रक्रिया नीट होईल, मग हे सगळं फाडायला लागेल, तेव्हा मला बोलवा.")

जेरुसलेम, सोमवार, हेश्वान महिन्याची वीस, ५७८०. म्हणजे १८ नोव्हेंबर २०१९.